आगेऱ्याचा विळा

आमच्या वसईत ख्रिस्ती माणूस चर्चला देऊळ म्हणतो. मीही म्हणते. दुबईच्या ऑफिसात एकदा सहज बोलून गेले, “शुक्रवारी देवळात जायचंय,” तर शेजारच्या टेबलावरच्या पुण्याच्या बाईंनी माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याच गल्लीतलं देऊळ उचलून आणलंय. मी त्यांना समजावत बसले नाही. समजावणं माझ्या स्वभावात नाही, भांडणं आहे. नवरा तर म्हणतो, हिला देवाने जीभ आधी दिली आणि बाकीची बाई नंतर केली.

तर देवळात आम्ही शुक्रवारी जायचो, कारण तिथे सुट्टी शुक्रवारची. बाहेरून क्रूस दिसायचा नाही, घंटा वाजायची नाही, पण आत एकामागून एक मिस्सा, म्हणजे आमच्या सामूहिक प्रार्थना, चालू असायच्या, दर तासाला निराळी भाषा. मराठी मिस्सा महिन्यातून एकदा, बाजूच्या हॉलमध्ये, दुपारी. आधीच्या मिस्सेचे लोक खुर्च्या सोडून उठले की त्याच गरम खुर्च्यांवर आम्ही बसायचो. तरी तो तास माझ्या दादाला महिनाभर पुरायचा.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वहिनी गावीच असायच्या. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये वीसेक वर्षं त्याने जिने, रेलिंगं, फाटकं बनवली. दोन हजार आठची मंदी आली आणि इमारती अर्ध्यावर थांबल्या. अर्ध्या इमारतीला रेलिंग कोण लावतो? मालक एके दिवशी कामाला म्हणून घरातून निघाला तो सरळ विमानातच बसला. वर्कशॉपला सील लागलं. सगळ्या कामगारांचे पासपोर्ट त्याच्या ऑफिसातल्या कपाटात, आणि कपाट सीलच्या आत. तशातच दादाचा व्हिसा संपला. म्हणजे वीस वर्षं ज्या गावाला फाटकं बसवली, त्या गावात तो आता चोरून राहणारा माणूस झाला.

तो आमच्याकडे आला. इंटरनॅशनल सिटीत आमचा एक बेडरूमचा फ्लॅट होता. दादा हॉलमध्ये सोफ्यावर झोपायचा आणि सकाळी आम्ही उठायच्या आत चादर अशी घडी घालून ठेवायचा की रात्री इथे कोणी होतं हे कळूच नये. मला त्या घडीचा राग यायचा. एकदा मी ती चादर मुद्दाम विस्कटून टाकली. त्याने पुन्हा घडी घातली.

“व्हाय इज मामा ऑल्वेज होम?” माझ्या मुलीने एकदा जेवताना विचारलं.

“मामाला सुट्टी आहे.”

“सो लाँग?” ती म्हणाली. दादा हसला, आणि ताटातली भाकरी तशीच ठेवून हात धुवायला उठला.

“वकिलातीत जा, कागद करून घे, घरी जा,” असं त्याला सगळे सांगायचे. मीही सांगितलं. त्याचं म्हणणं एकच. अजमानमधला एक वर्कशॉपवाला त्याचं काम ओळखत होता. पासपोर्ट सुटला की तुला घेतो, असा त्याने शब्द दिला होता. कपाट कोर्टातून उघडणार होतं, आज नाही तर उद्या. शिवाय व्हिसा संपलेल्यांना सरकार माफी जाहीर करणार अशी कुजबुज कायम असायची. फक्त तोवर पकडलं जायचं नाही. पकडून पाठवतात त्याच्या डोळ्यांचा फोटो काढतात. मग नाव बदला, पासपोर्ट बदला, विमानतळावरचं यंत्र डोळा ओळखतं आणि जन्मात परत येता येत नाही. दादाला वेल्डिंगशिवाय काही येत नव्हतं, आणि गावात तेव्हा कोणाला त्याची गरज नव्हती.

“जायचं झालं तर माझ्या पायांनी जाईन,” तो म्हणायचा. “आणि येईन पण माझ्या पायांनी.”

म्हणून तो कुठे जायचा नाही. बसमध्ये नाही, रोल्लाच्या बाजारात नाही, खाली ग्रोसरीतसुद्धा नाही. बिल्डिंगमध्ये तपासणीवाले आले की बाथरूममध्ये नळ सोडून बसायचा. जायचा तो फक्त देवळात, महिन्यातून एकदा, आमच्या गाडीतून. तिथे कोणी ओळखपत्राचं कार्ड विचारायचं नाही. तो फाटकातून आत शिरला की त्याचे खांदे खाली यायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

फाटकावर मी असायचे. व्हॉलंटियर होते. अंगावर चमकणारं पिवळं जॅकेट, काम म्हणजे गर्दीला रांग लावणं, म्हाताऱ्यांना व्हीलचेअर देणं आणि गाडी कुठेही लावणाऱ्यांशी भांडणं. शेवटचं काम मला कोणी शिकवायची गरज पडली नाही.

आमच्या गटाचा प्रमुख होता एक निवृत्त सुभेदार. नगरकडचा, मराठी ख्रिस्ती, मिशा पांढऱ्या आणि कणा सरळ. अर्ध्या रिकाम्या पडलेल्या एका टॉवरमध्ये तो सिक्युरिटी सुपरवायझर होता. मिस्सेत सगळे गुडघे टेकायचे तेव्हा हा ताठ उभा राहायचा. गुडघ्यात काही नव्हतं, सवय होती. नवीन माणसाला तो आपल्या थर्मासमधला चहा द्यायचा आणि देताना विचारायचा, “कुठलं गाव?” दादालाही त्याने विचारलं होतं. दोघांचं बरं जमायचं. दादाच्या व्हिसाचं मात्र आम्ही त्याला कधी सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नव्हतं. अशी गोष्ट एका कानात गेली की ती आपली राहत नाही.

मग त्या सुमारास एका लांबच्या देशात प्रार्थना चालू असताना माणसं मारली गेल्याची बातमी आली. टीव्हीवर ती एकच चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवत होते, बाकांच्या मधे पडलेल्या चपला. पुढच्याच शुक्रवारी सुभेदाराने मिस्सेनंतर आम्हाला हॉलमध्ये थांबवून घेतलं. आमच्याच भागातले एक फादर मराठी मिस्सेसाठी यायचे, तेही थांबले.

“आपल्या फाटकावर काय आहे?” सुभेदार म्हणाला. “पिवळी जॅकेटं. उद्या एखादा आला, तर त्याला जॅकेट दाखवायचं?”

माझ्या नवऱ्याचा एक चुलतभाऊ अमेरिकेत. नवऱ्याला गंमत म्हणून त्याचा एक किस्सा सांगायचा मोह आवरला नाही. “माझा भाऊ सांगत होता, त्यांच्या चर्चमध्ये दर रविवारी चार जण कोटाच्या आत पिस्तूल लावून बसतात. व्हॉलंटियरच. एक तर दानाची पेटी फिरवतो.”

लोक हसले. सुभेदार हसला नाही. “बरोबर करतात,” तो म्हणाला. “इकडे कायदा नाही, मला माहितीये. पण परवानगी मागायला काय जातं? दोन माजी सैनिक मी देतो. हत्यार नाही तर निदान काठी. हातातला मेटल डिटेक्टर. आणि येणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड बघायचं. आत कोण आहे हे आपल्याला माहीत नको?”

काठीचं मला एवढं काही नव्हतं. कार्ड हा शब्द ऐकला आणि मी उठलेच.

“देवाच्या दारात कार्ड?” मी म्हणाले. “उद्या आत यायला पगाराची स्लिप मागा. ज्याची नोकरी गेली त्याने बाहेरूनच हात जोडायचे का?”

“ताई, इमोशनल होऊ नका. ही सिक्युरिटी आहे.”

“मला इमोशनल म्हणू नका. तुमच्या टॉवरमध्ये प्रत्येकाचं कार्ड बघता ना तुम्ही? मग तिथला माणूस देवळात कशाला येतो? एक तास कोणी कार्ड बघू नये म्हणूनच येतो.”

नवरा माझा कुडता खाली ओढत होता. मी त्याचा हात झटकला. सुभेदार माझ्याकडे बघत राहिला. त्याला बहुतेक वाटत होतं की ही बाई उगाच हट्टाला पेटलीये. मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, “ताई, मी एकदा चौकीवर होतो. एक दूधवाला रोज यायचा, ओळखीचा. त्या दिवशी मी त्याचा कॅन उघडून बघितला नाही. माझी तीन पोरं गेली, माझ्या हाताखालची.” एवढं बोलून तो खाली बसला. असल्या बोलण्यावर कोण काय भांडणार?

शेवटी फादर बोलले. ही जमीन इथल्या राजाने दिलेली, आपण पाहुणे आहोत, पाहुण्याने यजमानाच्या घरात हत्यार बाळगायचं नसतं. काठीही नको, काठी हातात आली की ती उगारली जाते. डिटेक्टर घ्या. कार्ड मात्र या दारात कोणी कोणाला विचारायचं नाही. “आणि हत्याराची खरंच गरज वाटत असेल,” फादर म्हणाले, “तर ज्यांचं ते काम आहे त्यांना सांगू. शुक्रवारी पोलिसांची एक गाडी बाहेर उभी राहू दे.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मला तर जिंकल्यासारखं वाटलं. घरी जाताना गाडीत मी दादाला सांगितलं, “कार्डाचं मी हाणून पाडलं.” दादा म्हणाला, “तू लहानपणी पण अशीच होतीस,” आणि खिडकीबाहेर बघत राहिला. पुढच्या शुक्रवारपासून फाटकापासून थोड्या अंतरावर पोलिसांची गाडी उभी राहू लागली. आतला पोलीस बहुतेक वेळ मोबाइलमध्ये असायचा. दादा गाडीतून उतरला की त्या बाजूला पाठ करून फाटकात शिरायचा.

ऑक्टोबरात आगेरा येतो. आगेरा म्हणजे आमचा पहिल्या कणसांचा सण. शेतातला भात तयार झाला की पहिली पेंढी विळ्याने कापून वाजतगाजत देवळात न्यायची, पेंढी आणि विळा दोन्ही वेदीवर ठेवायचे, फादर त्यांच्यावर पाणी शिंपडतात, मग ते दाणे घराघरात वाटले जातात. दुबईत भात कुठला? पण सुट्टीवरून परतणारं कोणी ना कोणी साडीत गुंडाळून चार पेंढ्या बॅगेतून आणायचं. विळा मात्र विमानातून आणायला कोणी धजत नसे. म्हणून दर वर्षी पोरांनी पुठ्ठा कापून, त्याला चॉकलेटची चांदी चिकटवून केलेला विळा वेदीवर जायचा.

दादाने तो आदल्या वर्षी पाहिला होता आणि त्याचं तोंड कडू झालं होतं. “देवापुढे पुठ्ठा ठेवता?” तो म्हणाला. “हात मोडले का सगळ्यांचे?”

त्या वर्षी त्याने विळा बनवायला घेतला. अल कूझमधल्या एका गॅरेजवाल्याने गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा तापवून, वाकवून दिला. नवऱ्याने तो घरी आणला. पुढचं सगळं काम दादाने आमच्या बाल्कनीत केलं, कानस घेऊन. रोज आम्ही कामावर गेलो की तो घासत बसायचा. वरच्या मजल्यावरच्या फिलिपिनो बाईने तक्रार केली, मग तो मांडीवर टॉवेल घेऊन आवाज दाबून घासायला लागला. भात कापायच्या विळ्याला बारीक दाते लागतात, ते त्याने एकेक करून काढले. मूठ तुटलेल्या पाळण्याच्या लाकडाची. खाली जिन्याशी कोणीतरी देश सोडताना तो पाळणा टाकून गेलं होतं.

वर्ष झालं होतं दादाचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता. जेवताना बोलायचा. माझ्या मुलीला सांगायचा, आमच्या बाबांनी पेंढी कशी धरायची ते कसं शिकवलं. ती “ओके मामा” म्हणायची आणि खरंच ऐकायची. मला इतकं बरं वाटत होतं की मला कसलीच काळजी सुचली नाही. फक्त एकदा म्हणाले, “पिशवीत घालून आण. मी सुभेदाराला सांगून ठेवते.” तो हो म्हणाला. मी सुभेदाराला सांगितलंही, “माझ्या भावाच्या पिशवीत विळा असेल, आगेऱ्याचा.” तो म्हणाला, “पिशवी उघडून दाखवा आणि या, ताई. त्यात काय.”

मला माहीत नव्हतं ते हे, की पाळण्याच्याच लाकडाची दादाने एक आकडीही केली होती. आमच्याकडे शेतावर जाणारा माणूस विळा-कोयता हातात धरून चालत नाही. कमरेच्या मागे दोरीने लाकडी आकडी बांधतो आणि त्यात पातं अडकवतो. बाबा तसेच जायचे. आगेऱ्याच्या दिवशी तर प्रत्येक शेतकऱ्याच्या पाठीला आकडी असायची आणि वेदीपुढे पोचल्यावर तो हात मागे नेऊन विळा काढायचा. दादाला वेदीपुढे तसा विळा काढायचा होता. मला चकित करायचं होतं त्याला. मूर्ख माणूस. अजून मला त्याचा राग येतो आणि मग रडू येतं.

त्या शुक्रवारी नवरा आणि मी लवकर गेलो. तो हॉलमध्ये केळीची पानं बांधत होता. मी फाटकावर बायकांच्या पर्सेस बघत होते. त्याच आठवड्यात आणखी कुठली तरी वाईट बातमी आली होती, म्हणून पुरुषांच्या रांगेत सुभेदार स्वतः डिटेक्टर घेऊन उभा होता. गर्दीत तो चेहरे नाही, नुसत्या कमरा बघत होता. दादा शेजारच्या कुटुंबाच्या गाडीतून आला. डोक्याला जुन्या माणसांसारखा पंचा, अंगात नवऱ्याचा ढगळ शर्ट. शर्ट ढगळ का, तर गाडीत शेजाऱ्यांची पोरं विळ्याला घाबरू नयेत.

मी पाहिलं तेव्हा तो सुभेदाराकडे पाठ करून हात वर करून उभा होता, कारण तपासताना तसंच उभं राहायचं असतं. खांदे खाली, चेहऱ्यावर हसू. त्याने मला बघितलं आणि भुवई उडवली. डिटेक्टर कमरेपाशी वाजला. सुभेदाराने शर्ट वर केला.

पुढचं एका श्वासात झालं. सुभेदार ओरडला. दादाचा हात पाठीमागे पिरगळला, गुडघा पाठीत गेला आणि दादा तोंडावर पडला. बायका किंचाळल्या, रांग फुटली, कोणीतरी लेकराला उचलून पळालं.

“तो माझा भाऊ आहे!” मी ओरडत धावले. “सोडा! माझा भाऊ आहे तो!”

सुभेदाराने खाली वाकून चेहरा पाहिला. आणि लगेच हात सोडला, तापलेला तवा सोडावा तसा. “अहो, पिशवीत होता ना?” तो म्हणाला. “ताई, पिशवीत म्हणाला होतात ना तुम्ही?” त्याने दादाला उठवलं, त्याच्या शर्टावरची धूळ झटकली, पुन्हा पुन्हा झटकत राहिला. दादाच्या ओठातून रक्त येत होतं. तो मला म्हणाला, “काही नाही झालं. काही नाही झालं.”

पण आरडाओरडा ऐकून पोलीस गाडीतून उतरला होता.

तरुण होता, नीट दाढी राखलेला, तिथलाच अरब. त्याने विळा उचलला. मी हिंदीत सांगायला लागले, सण, भात, पूजा, जे तोंडाला येईल ते. त्याने मला हाताने थांबवलं. विळ्याचे दाते अंगठ्याने पाहिले आणि हसला. “मेरा बाबा का बाबा,” तो मोडक्या हिंदीत म्हणाला, “उसके पास था ऐसा. खजूर के लिए. कौन बनाया?”

“मैं,” दादा म्हणाला.

“बहुत अच्छा,” पोलीस म्हणाला, आणि विळा मुठीकडून माझ्या हातात दिला. “कोई मुश्किल नहीं. खलास.”

मी देवाचे आभार मानले. खरंच, मनातल्या मनात मानलेसुद्धा. तेवढ्यात पोलिसाने खिशातून वही काढली. गडबड झाली होती, माणूस जमिनीवर पाडला गेला होता, त्याला काहीतरी लिहावं लागणारच होतं. तो दादाला अगदी सहज म्हणाला, “बताका?”

बताका म्हणजे कार्ड.

दादाने खिशातसुद्धा हात घातला नाही. सुभेदार मधे आला. “साब, अपना आदमी है. मैं गारंटी देता हूँ. मैं फौज में था, साब.” पोलीस शांतपणे म्हणाला, “गारंटी नहीं, हबीबी. बताका.” सुभेदाराने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. आणि त्या माणसाला तेव्हा सगळं समजलं, मी हॉलमध्ये का भांडले तेही. त्याचा चेहरा पडला. मग त्याने काय करावं? त्याने पोलिसाचा हात धरला. पांढऱ्या मिशांचा तो ताठ माणूस त्या पोरसवदा पोलिसापुढे अक्षरशः वाकला. उपयोग नव्हता. पोलीस वाईट नव्हता. त्याने दादाला बेड्या घातल्या नाहीत, गाडीचं दारही उघडून दिलं.

दादा गाडीत बसताना मला म्हणाला, “तू आत जा. मिस्सा सुरू होईल.”

मिस्सा झाली. लोक आले होते, पेंढ्या आल्या होत्या, ती थांबणार कशी? विळ्याचं काय करायचं हे कोणालाच कळेना. कोणाला तो वेदीवर नेण्याचा धीर होईना आणि मी तो कोणाच्या हातात देईना. शेवटी कोणीतरी हॉलच्या कपाटातून मागच्या वर्षीचा पुठ्ठ्याचा विळा शोधून आणला. त्याची चांदी अर्धी सुटली होती. तोच वेदीवर ठेवला. फादरांनी त्यावर पाणी शिंपडलं आणि पुठ्ठा भिजून वाकला. मी मागच्या रांगेत मांडीवर खरा विळा घेऊन बसले होते आणि मला कोणावर ओरडावं ते कळत नव्हतं.

नवरा आठवडाभर पोलीस स्टेशन, कोर्ट, वकिलात करत फिरला. सील लागलेलं कपाट काही उघडलं नाही. दादाला वकिलातीच्या कागदावर परत पाठवलं. जायच्या आधी एकदाच फोन लागला. मी विचारलं, “डोळ्यांचा फोटो काढला?”

“काढला.” मग त्यानेच विचारलं, “विळा ठेवला ना वेदीवर?”

मी खोटं बोलले नाही. म्हणाले, “पुठ्ठ्याचा ठेवला.” मग तो म्हणाला, “बरं केलंत,” आणि ठेवून दिला.

पुढच्या बैठकीत एक गृहस्थ उठले. मोठ्या कंपनीत होते, बोलण्यात नेहमी प्रोसेस आणि सिस्टीम. ते म्हणाले, “इट वॉज अनफॉर्च्युनेट. पण एक गोष्ट प्रूव्ह झाली, आपली सिस्टीम वर्क करते. शर्टाखालचं पातं पकडलं गेलं.” दोन-चार माना हलल्यासुद्धा. मी चप्पल काढायच्या बेतात होते. सुभेदार माझ्या आधी उठला. त्याने डिटेक्टर टेबलावर ठेवला आणि हॉलच्या बाहेर गेला. पण त्यानंतर दर शुक्रवारी तो फाटकावर यायचाच. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर फाटक सोडणं त्याला जमत नव्हतं. मी त्याच्यासमोर जाऊन पर्स उघडून धरायची. “बघा,” म्हणायची. “नीट बघा.” तो मान वळवायचा. दर शुक्रवारी. नवऱ्याने मला विनवलं, मी ऐकलं नाही. मग सुभेदाराचा टॉवर बंद झाला आणि तोही नगरला निघून गेला. जाताना तो आमच्या दारात थर्मास ठेवून गेला. बेल वाजवली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही अजून तिथेच आहोत, पण यंदा मी ऑक्टोबरात रजा काढून वसईला गेले. दादाने घराच्या पडवीत छोटं वर्कशॉप टाकलंय. खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाकीचे स्टँड. आमच्या गावच्या देवळालाही आता उंच फाटक हवं होतं. बाहेरच्या बातम्या ऐकून इथल्याही बैठकीत तेच सगळं झालं म्हणे, पहारा ठेवा, कॅमेरे लावा, काही जण तर म्हणाले परवान्याची बंदूक असलेला माणूस बसवा. बंदूक बारगळली, फाटक ठरलं. ते दादानेच बनवलंय. देखणं झालंय.

आगेऱ्याच्या रविवारी मी दुबईहून आणलेला विळा काढला. विमानाच्या सामानात टाकून आणला, कोणी विचारलंसुद्धा नाही. दादाने तो हातात घेतला, दाते तपासले, एक दाता थोडा बोथट झाला होता तो कानशीने ठीक केला. आकडी मात्र बांधली नाही. दादा, वहिनी आणि मी चालत देवळाकडे निघालो. बँड वाजत होता, लाल लुगड्यातल्या बायका पुढे. फाटकापाशी आल्यावर वहिनींनी माझ्या कानात सांगितलं, “ते आत नाही येत. आल्यापासून कधीच आले नाहीत. बाहेर उभे राहूनच मिस्सा ऐकतात.” मला आजवर हे कोणी सांगितलं नव्हतं. फोनवर मी दर रविवारी विचारायची, देवळात गेलास का, आणि तो म्हणायचा, जाऊन आलो.

“तू ने,” दादा म्हणाला आणि विळा माझ्या हातात दिला.

“चल ना रे आत. आपल्या गावचं देऊळ आहे. फाटक तूच केलंयस.”

“हो ना. म्हणूनच बाहेरून बघतो, नीट बसलंय का.”

फाटकावर पिवळं जॅकेट घालून उभा होता तो दादाच्याच वर्गातला, पोट सुटलेला, हसरा माणूस. त्याच्या हातात काही नव्हतं, ना काठी, ना यंत्र. मी उघडा विळा घेऊन त्याच्या समोरून आत गेले तरी तो नुसता हसला. मग दादाला बाहेर उभा बघून तो दोन्ही हात पसरून त्याच्याकडे निघाला, मिठी मारून आत ओढायला. “अरे, बाहेर काय उभा? ये की!”

मी वळून पाहिलं. पिवळं जॅकेट आपल्याकडे येताना दिसलं तसा दादा गर्रकन पाठ करून उभा राहिला, आणि त्याने दोन्ही हात वर केले.